काय बाई ही मानेची थेरं!

ऐकलंत का? यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या सोसायटीत काय लुटलं असेल? मानेवर फिरवायचा लाकडी रोलर! एका हातावर तिळगूळ, दुसऱ्या हातात तो गाठीगाठींचा दंडुका. ‘गोड गोड बोला’च्या जागी ‘सकाळ-संध्याकाळ फिरवा, फार जोर लावू नका.’ प्लास्टिकचे डबे, स्टीलच्या वाट्या, कापडी पिशव्या, साऱ्यांची सद्दी संपली. बरं, बायका नाकं मुरडतील म्हणावं, तर छे! ‘अगं, हाच हवा होता मला, महिनाभर उजवी बाजू धरलीये,’ म्हणत एकीनं तिथेच सोफ्यावर पदर बाजूला सारून प्रात्यक्षिक सुरू केलं. शांतं पापम्!

हे हळदीकुंकवापुरतं राहिलं असतं तर मी तोंड उघडलं नसतं. पण पुण्यात वाकड, बाणेर, खराडी, मगरपट्टा, जिथे म्हणून लॅपटॉप उघडतो तिथे मानेनं उच्छाद मांडलाय. परवाच्या लग्नात रुखवतात बोळक्यांच्या शेजारी फोमची उशी मांडली होती, वर जरीची लेस लावून. केळवणाला भाच्याला विचारलं, ‘काय रे हवं आहेरात?’ तर म्हणतो, ‘मावशी, मसाज गन दे.’ लग्नाच्या आहेरात गन! त्याची होणारी बायको शेजारीच बसली होती. ती लाजलीसुद्धा नाही. कोणत्या कंपनीची, ते तिनं सांगितलं.

आणि अशाच एका गनवरून आमच्या बी विंगमध्ये काय गहजब झाला! रात्री साडेअकराला कुणीतरी ड्रिल मशीन चालवतंय, अशी तक्रार सेक्रेटरींकडे गेली. वॉचमन टॉर्च घेऊन वर. दार उघडलं तर काय, जावईबापू बनियनवर डोळे मिटून बसलेले आणि लेक त्यांच्या खांद्यावर ते घर्र घर्र यंत्र धरून उभी. वॉचमनच बिचारा शरमून खाली आला. पण ड्रिलचा संशय अगदीच वावगा नव्हता बरं का. अमेरिकेतल्या जेसन वर्सलँड नावाच्या कायरोप्रॅक्टरला मोटरसायकलचा अपघात झाला; दुखण्यानं जीव नकोसा झाला, तेव्हा त्यानं कारागिराच्या विजेच्या हत्याराला फेरफार करून स्वतःसाठी हे यंत्र बनवलं. त्याचीच पुढे ‘थेरागन’ झाली, आणि तिच्या शेकडो नकला आज आपल्याकडे दीड-दोन हजारांत दारात येतात. घटकाभर बरं वाटतं, नाही असं नाही. पण सकाळी पुन्हा तेच टेबल, तोच लॅपटॉप आणि तीच मान.

गन-रोलर हे झाले पोरखेळ. खरी चढाओढ एमआरआयची! पूर्वी जिन्यात दोघी भेटल्या की मुलांचे मार्क निघायचे. आता मणके निघतात. ‘आमच्यांचं सी-फाईव्ह सी-सिक्स.’ ‘अय्या, आमच्यांचंही तेच!’ पत्रिकेचे सगळे गुण जुळावेत तसा दोघींचा चेहरा. ज्यांची मणक्यांमधली एकाच ठिकाणची चकती फुगलीये त्यांना कुणी विचारत नाही. दोन-तीन ठिकाणी फुगवटा, वर मानेचा बाक सरळ झालेला, असा भरगच्च रिपोर्ट असेल तर मात्र मानाचं पान. व्हॉट्सअॅप ग्रुपवर सुप्रभातचं गुलाबाचं फूल, टँकर किती वाजता येणार याची सूचना, आणि या दोहोंच्या मध्ये कुणाच्या तरी मणक्यांचा काळापांढरा फोटो. खाली अठ्ठावीस नमस्कार आणि ‘काळजी घ्या दादा.’

आता जवळ या, एक गोष्ट कानात सांगते. २०१५ साली जपानच्या संशोधकांनी मानेची काहीएक तक्रार नसलेल्या १,२११ माणसांचे एमआरआय काढले. धडधाकट माणसं, हसतीखेळती. त्यांच्यातल्या ८७.६ टक्के लोकांच्या मानेतल्या चकत्या फुगलेल्या निघाल्या! विशीतल्या पोरापोरींतसुद्धा दर चारांमागे जवळजवळ तिघांच्या. म्हणजे ज्या फोटोवर जावईबापू मिरवतात, तसलाच फोटो त्यांच्यावर टॉर्च मारणाऱ्या वॉचमनचाही आला असता, आणि तो तर जिने चढून वर आला होता. वयाबरोबर चकत्या बदलतातच. त्यातल्या काहींचं दुखतं, पुष्कळांचं दुखत नाही. डॉक्टरांनी मागितला तर एमआरआय जरूर काढावा. हौसेनं काढला तर माणूस रिपोर्ट वाचून जास्त आजारी पडतो. मग मान हलवायलाच घाबरतो, आणि न हलवता ती आणखी आखडते. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ रिपोर्ट आल्यापासून पूर्ण अंगासकट वळतात. हाक मारली की चौकीदाराच्या शिस्तीत उजवीकडे वळ. बोलायची सोय नाही.

हे सगळं सुरू झालं २०२०च्या मार्चात. ऑफिसं घरात आली आणि घरात बसायला जागा नव्हती. कुणी इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप मांडला, कुणी पलंगावर उशीला टेकून, कुणी ओट्याच्या कडेला. एकानं तर देवघराच्या चौरंगावर मांडून वर्षभर मांडी घालून मीटिंगा केल्या. कॅमेऱ्यात मागे समई दिसते म्हणून साहेब खूश. त्या वर्षी ज्या माना आखडल्या त्या काही सुटायचं नाव घेईनात. मग बाजार जागा झाला.

खुर्चीसाठी पक्ष फोडणारे महाराष्ट्रानं पाहिले होते. पण खुर्चीसाठी एफडी मोडणारे? तेही पाहिले हो! हर्मन मिलर कंपनीची ती जाळीदार ‘एरॉन’, १९९४ साली बिल स्टंफ आणि डॉन चॅडविक या दोघांनी घडवलेली. आज ती घ्यायची तर लाखाच्या पुढे मोजावे लागतात. आमच्या ए विंगमध्ये एक आलीये. आली त्या दिवशी बायको म्हणाली, हार घालू का? आजोबांना तिच्यावर बसायची मनाई. नातवाला हात लावायची मनाई. पाहुण्यांना लांबून दर्शन. कंबरेला आधार, हाताला आधार, बुडाखाली हवा खेळती. एवढं करून गृहस्थ बसतात कसे? पुढे सरकून, टोकावर, मान स्क्रीनमध्ये खुपसून! लाखाची पाठ मागे रिकामी.

त्यांचेच सहकारी उंची वाढणाऱ्या टेबलापाशी दिवसभर उभे असतात म्हणे. आमच्या शाळेत गृहपाठ केला नाही की जोशीबाई बाकावर उभं करायच्या, फुकटात! आता त्याला तीस-तीस हजार. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१८च्या आढाव्यात दिसलं ते इतकंच, की अशा टेबलांमुळे सुरुवातीला माणसं दिवसाला सरासरी शंभरेक मिनिटं कमी बसतात. तब्येतीला त्यानं काय फरक पडतो याचा पुरावा तोकडाच. आणि दिवसभर उभं राहून पायाच्या शिरा फुगतात, त्या वेगळ्या. पट्टे बांधून खांदे मागे ओढणारे जाकीट, पाठीला चिकटवलं की वाकल्यावर गुरगुरणारं बिल्ल्याएवढं यंत्र, गळ्यात घालायचं विजेचं कडं. यांच्याबद्दल मी बोलतच नाही. ते दिवाळीत येतात आणि होळीपर्यंत माळ्यावर जातात.

फोमच्या उशीचं मात्र थोडं ऐकाच. ‘नासाचं तंत्रज्ञान’ अशी जाहिरात असते, ती थाप नाही. १९६६ साली नासाच्या एम्स केंद्रासाठी चार्ल्स योस्ट यांनी तो फोम विमानाच्या आसनांसाठी तयार केला. पण मानेच्या उशीचा मान नासाला देऊ नका हं. शरपंजरी पडलेल्या भीष्मांचं डोकं लोंबकळत होतं. राजेलोकांनी मऊ मऊ उशा आणल्या त्या त्यांनी नाकारल्या, आणि अर्जुनानं तीन बाण मारून डोक्याला आधार दिला तेव्हा कुठे पितामहांना बरं वाटलं. आजकाल ती शरशय्याही ऑनलाइन मिळते, प्लास्टिकच्या काट्यांची, गुंडाळून ठेवायच्या पिशवीसकट. वरच्या मजल्यावरचे काका रोज त्यावर लोळतात आणि विव्हळतात. काकू म्हणतात, ‘निदान उत्तरायणाची तरी वाट बघू नका.’

आता खरा चावट प्रकार. मान मोडून घेणे! इन्स्टाग्रामवर बघा म्हणजे कळेल. एक धष्टपुष्ट माणूस पालथ्या पडलेल्या दुसऱ्या माणसाची मान धरतो, कॅमेरा जवळ, माइक त्याहून जवळ, आणि कडाड्! लोक तो आवाज झोपताना ऐकतात म्हणे, अंगाई म्हणून. या विद्येची मुहूर्तमेढ १८९५ साली अमेरिकेत डॅव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी रोवली. पण आपल्याकडे दाढी-कटिंग झाल्यावर डोक्याला चंपी आणि शेवटी मानेला उजवा-डावा कटका हे कितीतरी आधीपासून चालत आलंय, तेही कटिंगच्याच पैशांत. आवाज झाला म्हणजे हाड जागेवर बसलं, असं सगळ्यांना वाटतं. काही बसत-बिसत नाही हो. सांध्यातल्या द्रवात एकदम पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. २०१५ साली कॅनडात बोटं मोडताना एमआरआय काढून हे पाहिलंय.

गंमत इथे संपते. मानेच्या मणक्यांमधून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या जातात. झटक्यानं त्यांचा आतला पदर फाटू शकतो आणि अर्धांगाचा झटका येऊ शकतो. क्वचित होतं, पण ज्याला होतं त्याला ‘क्वचित’ या शब्दाचा काय उपयोग? झटकाच कशाला, पार्लरमध्ये डोकं धुवायला बेसिनवर मान मागे टाकून पडल्यावर पाच बायकांना असाच त्रास झाल्याची नोंद १९९३ साली एका अमेरिकी न्यूरॉलॉजिस्टनं केली, तेव्हापासून त्याला नावच पडलं ‘ब्यूटी पार्लर स्ट्रोक’. म्हणून मी पार्लरमध्ये मानेखाली टॉवेलची घडी मागते. मुली हसतात, हसू देत.

तुंबड्यांचं काय ऐकलंत? २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मायकेल फेल्प्स पोहायला उतरला तो पाठीवर जांभळे गोल घेऊन, आणि जग वेडं झालं. आता कोरेगाव पार्कात वातानुकूलित खोलीत, मंद बासरी लावून, पाठीवर काचेचे पेले लावतात. आमच्या लहानपणी वैदू बायका शिंगाच्या तुंबड्या घेऊन दारोदार हिंडायच्या, तेव्हा हेच लोक दारं लावून घेत. परवा एका लग्नात सूनबाई उघड्या पाठीचं ब्लाउज घालून आल्या. पाठीवर सात जांभळे चांद! सासूबाईंनी भर मांडवात स्वतःची शाल काढून तिच्या खांद्यावर टाकली, ‘गारवा आहे गं’ म्हणून. मे महिन्यात. स्नायूंचं दुखणं त्यानं कायमचं जातं असा भक्कम पुरावा नाही. तुंबडी भरते ती कुणाची, हे बिलावर दिसतं.

अहो, ज्यांना लटकायचं, ताणायचं, पट्टे बांधायचे, त्यांच्यासाठी आपल्याच पुण्यात १९७५पासून बी. के. एस. अय्यंगारांची योगसंस्था आहे. भिंतीला दोर, बाकं, लोड, पट्टे, सगळी आयुधं तिथे आहेत, आणि पाहणारं माणूसही समोर उभं असतं. त्यासाठी परदेशातून लोक विमानानं येतात. आमच्या सोसायटीतून कुणी रिक्षानं जात नाही.

आता थोडं मान वाकवण्याबद्दल. फिजिओथेरपीच्या दवाखान्यात ते भीतिदायक पोस्टर असतं ना, मोबाइलमध्ये मान घातली की मानेवर २७ किलो भार? ते गणित न्यूयॉर्कचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांचं, २०१४ सालचं. डोकं पाचेक किलोचं. मान ६० अंश वाकली की मणक्यावर तेवढा ताण येतो, असं त्यांनी संगणकावरच्या आराखड्यातून मांडलं. खऱ्या माणसाच्या मानेत काटा लावून कुणी मोजलं नव्हतं. उलट ब्राझीलमध्ये २०१८ साली १५० तरुणांना मोबाइल बघताना तपासलं, तर मान वाकवून बघणारे आणि मान दुखणारे यांचा काही मेळ बसेना. वाकण्यानं मान बिघडते हे पुरतं खरं नाही. बिघडते ती न हलण्यानं.

मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेला स्नायू तो ट्रॅपेझियस. टंकताना त्याला फार जोर लागत नाही, पण थोडा जोर सतत लागतो. योरान हेग नावाच्या स्वीडिश संशोधकानं १९९१ साली असा तर्क मांडला की स्नायूतले काही बारके तंतू कामाला सगळ्यात आधी लागतात आणि सगळ्यात शेवटी सुटतात. विश्रांती त्यांच्या वाट्याला येतच नाही. त्यांना त्यानं सिंड्रेलाचं नाव दिलं. हे मी आमच्या थोरल्या वहिनींना सांगितलं तर म्हणाल्या, ‘यात नवीन काय?’

आणि या तक्रारीला तीनशे वर्षं झाली बरं का! इटलीत बर्नार्दिनो रामाझिनी नावाचा वैद्य होता. कारागिरांच्या रोगांवर त्यानं पुस्तक लिहिलं, आणि पुढच्या आवृत्तीत लेखनिक-कारकुनांचाही समाचार घेतला. त्यांना तीन गोष्टी छळतात म्हणाला: सतत बसणं, हाताची सतत एकच हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनाला लागलेला घोर. बघा, तिसरी गोष्ट त्याला तेव्हा दिसली होती. आमच्या भाच्याच्या मॅनेजरला अजून दिसत नाही.

तिथून पुढे मोठ्यांची नावं येतात, म्हणून आवाज जरा खाली घेते. २०२३च्या ऑक्टोबरात इन्फोसिसचे नारायण मूर्ती म्हणाले, तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. २०२५च्या जानेवारीत एल अँड टीच्या सुब्रह्मण्यन साहेबांचं बोलणं बाहेर आलं, ९० तास, रविवारीही. घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार? अहो साहेब, बायकोकडे बघायला निदान मान तरी वळवावी लागते! स्क्रीनकडे बघताना तेवढाही व्यायाम होत नाही. जगात २०२० साली २० कोटी ३० लाख लोकांना मानेचं दुखणं होतं असा अंदाज आहे, आणि त्यात बायका जास्त. त्या ऑफिसातून येऊन पोळ्या लाटतात, हे साहेबांच्या हिशेबात कुठे धरलंय?

आता सगळ्यात धक्कादायक बातमी. डेन्मार्कमध्ये १९८ ऑफिसकर्मचाऱ्यांवर एक प्रयोग झाला, २०११ साली प्रसिद्ध. त्यांना काय दिलं? रबरी पट्टी. पायाखाली दाबायची आणि दोन्ही हात बाजूनं खांद्याइतके वर न्यायचे, सावकाश खाली आणायचे. आठवड्यातून पाच दिवस, दहा आठवडे. एका गटानं रोज बारा मिनिटं केलं, दुसऱ्यानं रोज फक्त दोन मिनिटं. दहापैकी मोजलेली वेदना बारा मिनिटवाल्यांची १.९नं उतरली आणि दोन मिनिटवाल्यांची १.४नं. दोन मिनिटांत! काही शे रुपयांच्या पट्टीवर! ना नासा, ना जाळी, ना ईएमआय. ही बातमी मी ग्रुपवर टाकली. एकही नमस्कार आला नाही. एकीनं विचारलं, ‘यात रंग कोणते आहेत?’

पट्टी नसेल तर पाण्याच्या दोन लहान बाटल्या चालतील. जोडीला स्क्रीन डोळ्यांच्या पातळीला आणा. लॅपटॉपखाली जुने दिवाळी अंक रचा आणि कीबोर्ड वेगळा घ्या. अर्ध्या-पाऊण तासानं उठा, पाणी प्या, फोन आला की चालत बोला. शेकानं बरं वाटत असेल तर शेका. तव्यावर कापड गरम करा नाहीतर पिशवी घ्या, भाजू देऊ नका. गळ्यात कॉलर महिनोन्‌महिने घालून हिंडू नका, स्नायू आणखी दुबळे होतात.

मात्र हातात मुंग्या येऊन जोर कमी झाला, शर्टाची बटणं लावता येईनाशी झाली, चालताना तोल जाऊ लागला, लघवीवरचा ताबा सुटला, पडल्यावर दुखणं सुरू झालं, किंवा सोबत ताप आणि वजन घटणं असलं, तर रोलर, गन, तुंबड्या ठेवा बाजूला आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मानेबरोबर छातीत दडपण किंवा डाव्या हातात कळ असेल तर ते मानेचं समजून शेकत बसू नका, सरळ इस्पितळात जा. आणि एमआरआयचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. ग्रुपवर टाकू नका.